साठीनंतरचा व्यायाम : घरांतला आणि सायकलवरचा

वऱ्हाडांत माणूस साठीला आला कीं त्याच्याभोंवतीं प्रेमाचें एक कुंपण उभें राहूं लागतें. कचेरींतून किंवा शाळेंतून शाल-नारळ घेऊन तो घरीं येतो, ओसरीवर आरामखुर्ची मांडली जाते, आणि त्या दिवसापासून घरांतील प्रत्येक जण त्याला उठूं न देण्याची काळजी घेऊं लागतो. पाण्याकरितां तो उठला तर नातू धांवत येतो. "आबाजी, तुमी कायले उठता? मी आनून देतो नं!" सून भाजीची पिशवी हातांतून काढून घेते, मुलगा जुनी सायकल माळ्यावर टाकतो, आणि शेजारी म्हणतात, गृहस्थ नशीबवान, बसल्या जागीं सारें मिळतें. यांत कोणाचाही हेतु वाईट नसतो. परंतु बसल्या जागीं सारें मिळणारा हा गृहस्थ पांच-सात वर्षांत पाटावरून आपला आपण उठूं शकत नाहीं. मग जेवण टेबलावर येतें, शौचालयाच्या भिंतीला दांडा बसतो, आणि एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें. ज्यांनीं त्याला प्रेमानें बसविलें तींच माणसें आतां रात्र रात्र त्याच्या उशाशीं बसतात. वृद्धांना मरणाहून या परावलंबनाचें भय अधिक वाटतें, हें त्यांच्यापाशीं घटकाभर बसून बोलणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

विश्रांति किती महाग पडते याचा एक प्रयोग अमेरिकेंतील डल्लस शहरीं १९६६ सालीं झाला. विशीच्या आसपासचे पांच धडधाकट तरुण निवडून त्यांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलें. आजार कोणताच नव्हता. उठावयाचें नाहीं एवढाच नियम. तीन आठवड्यांनीं त्यांची श्रम करण्याची शक्ति मोजली तेव्हां ती पुष्कळच घटलेली आढळली. पुढें तीस वर्षांनीं, ते पन्नाशीला पोंचल्यावर, त्याच पांच जणांना पुन्हां बोलावून मोजमाप घेतलें. तीस वर्षांच्या वयानें त्यांच्या शक्तींत जेवढी घट केली होती त्याहून अधिक घट तरुणपणींच्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें केली होती, असें दिसून आलें. मग त्यांच्याकडून सहा महिने चालणें, हळू धांवणें आणि जागच्या जागीं चालवावयाची सायकल असा बेताबेतानें वाढणारा व्यायाम करवून घेतला, आणि वयानें गेलेला दमश्वास परत आला. पांच माणसांवरून जगाचा निवाडा होत नाहीं हें खरें. तथापि लोक ज्याबद्दल वयाला दोष देतात त्यांतला मोठा वांटा बसून राहण्याचा असतो, ही गोष्ट त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनीं दृढच केली आहे. साठी बुद्धि नाठी अशी म्हण आहे. परंतु बुद्धीच्या पुष्कळ आधीं पायच नाठतात, आणि त्यांना पळवून लावण्याचें काम आरामखुर्ची करते.

वऱ्हाडाला व्यायामाचें वावडें कधींच नव्हतें. अमरावतीस अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापन केलेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभें आहे. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती यांचे धडे तेथें अनेक पिढ्यांनीं गिरविले, आणि १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले त्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन देशी खेळांचीं व व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. अमरावतीच्या माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो वाटावा असाच आहे. अडचण एवढीच कीं आखाडा हा स्वभावतः तरुणांचा. साठीचा माणूस तेथें गेला तर त्याला मानानें बांकावर बसवितात; हौद्यांत उतर असें कोणी म्हणत नाहीं. त्यामुळें लहानपणीं मल्लखांबावर उलट्या पकडी घेणारे गृहस्थ उतारवयांत जिना चढतांना कठड्याला धरूं लागतात, आणि विचारलें तर तरुणपणच्या जोर-बैठकांचे आंकडे सांगतात. व्यायाम हा पेढींत ठेवलेला पैसा नव्हे. विशींत काढलेल्या पांचशें बैठकांचें व्याज पासष्टाव्या वर्षीं मिळत नाहीं. कमावलेला स्नायू वापरांतून गेला कीं कांहीं महिन्यांतच झिजूं लागतो.

पूर्वीं आखाड्याबाहेरही घर आणि शेत हीं दोन व्यायामशाळा होतींच. बायका पहांटे जातें ओढीत, उखळांत कांडीत, विहिरीचें पाणी शेंदून गुंड डोक्यावर घेत. पुरुष कापसाच्या पेऱ्यापासून वेंचणीपर्यंत काळ्या मातींत पायपीट करीत. त्या कष्टांचे पोवाडे गाण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पुष्कळ बायकांच्या कंबरा मोडल्या, आणि चक्की व नळ आले हें चांगलेंच झालें. परंतु चक्कीबरोबर खांद्याचें काम गेलें, नळाबरोबर पाठीचें गेलें, आणि गॅसची शेगडी ओट्यावर चढली त्या दिवशीं स्वयंपाकघरांतली उठबस गेली. जेवणाचें टेबल आलें तेव्हां उरलेली उठबसही संपली. जे श्रम पूर्वीं न मागतां अंगावर येत, त्यांतील थोडे आतां मुद्दाम मागून घ्यावे लागतात.

असे मागून घेणारे वृद्ध महाराष्ट्रांत झाले आहेत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणीं ते सँडो या विलायती मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम करीत. चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानांतील शाळांमध्यें त्यांनीं ते सुरू करविले, त्यांवर पुस्तक लिहिलें, आणि ते सत्तरीला टेकले असतां त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं निघालें. १९५१ सालीं ब्याऐंशी वर्षांचे होऊन ते वारले. राजेसाहेबांना वाडा होता, नोकरचाकर होते. व्यायामाला मात्र सतरंजीएवढीच जागा लागली. दुसरें उदाहरण वऱ्हाडच्या शेजारचें, वर्धा जिल्ह्यांतील पवनारच्या विनोबा भाव्यांचें. १९५१ सालीं ते पंचावन्न वर्षांचे होते. त्या काळीं सरकारी नोकर ज्या वयांत पेन्शन घेऊन घरीं बसे, त्याच वयांत ते भूदानासाठीं चालूं लागले आणि पुढें तेरा वर्षें देशभर चालत राहिले. त्यांचा हेतु व्यायामाचा नव्हता, आणि त्यांची प्रकृति पहिल्यापासून बळकट होती असेंही नाहीं. पण पंचावन्नाव्या वर्षीं पायांची मुदत संपत नाहीं एवढें त्यावरून दिसतें.

घरीं काय करावें, या प्रश्नाचें उत्तर उठबशीपासून सुरू होतें. ब्राझील देशांत रिओ द जानेरो येथें अराउजो नांवाच्या वैद्यानें एक साधी परीक्षा योजिली. ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून पुन्हां उठावयास सांगितलें. बसण्याचे पांच आणि उठण्याचे पांच असे दहा गुण. हात, कोपर किंवा गुडघा टेकला कीं एक गुण वजा. २०१२ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले त्यांच्यांत पुढील कांहीं वर्षांतील मृत्यूंचें प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या पांचपटींहून अधिक होतें. उठतां येत नाहीं म्हणून माणूस मरतो असा याचा अर्थ नव्हे. पायांतील जोर, कंबरेची लवचीकता आणि अंगाचा तोल हीं तिन्ही एकाच कसोटीला लागतात, इतकेंच. वऱ्हाडांतल्या पंगतीला बसणारा माणूस ही परीक्षा रोज दोनदां देत असे आणि त्याला तिची खबरही नसे.

ज्यांना जमिनीवर बसणें अजून साधतें त्यांनीं तें सोडूं नये. भिंतीजवळ किंवा पलंगाजवळ सतरंजी घालावी, सकाळीं दोन वेळां आणि संध्याकाळीं दोन वेळां सावकाश बसावें, सावकाश उठावें, आणि लागेल तेथें हात टेकावा. हात टेकण्यांत कमीपणा नाहीं, पडण्यांत आहे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनीं खुर्ची घ्यावी, मात्र आरामखुर्ची नव्हे, पाठ सरळ असलेली लांकडी खुर्ची, आणि ती भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर बांधून तींतून उठावें आणि धपकन् न पडतां हळूच बसावें. हें बसणें उठण्यापेक्षां अवघड आहे आणि मांडीचा स्नायू त्यानेंच जास्त तयार होतो. पांच वेळां झालें कीं पहिल्या दिवशीं पुरे.

जमिनीवरचे जोर ज्यांच्या मनगटांना सोसत नाहींत त्यांनीं भिंतीवरचे जोर काढावेत. भिंतीपासून हातभर दूर उभें राहून तळहात भिंतीला लावावे, छाती भिंतीकडे न्यावी व परत आणावी. मग ओट्याच्या कडेला, मग पलंगाच्या कडेला, असें हळूहळू खालीं उतरतां येतें. कित्येक जण श्वास कोंडून जोर मारतात. उतारवयांत रक्तदाब एकाएकीं चढण्याची ती वाट आहे. जोर लावतांना श्वास सोडावा. मोठ्यानें आंकडे मोजले तर श्वास कोंडतां येत नाहीं, ही शाळेंतल्या कवाईतीची जुनी युक्ति येथेंही उपयोगी पडते.

तोलाचा व्यायाम लोक व्यायाम मानीत नाहींत, आणि म्हाताऱ्या माणसाला तर त्याचीच गरज सर्वांत मोठी. ओट्याला बोटें टेकवून एका पायावर दहा अंक मोजीपर्यंत उभें राहावें, मग पाय बदलावा. चहाला आधण येईपर्यंत हें होतें. पुढें बोटें सोडतां येतात. पण ओटा हाताशीं असावाच. फरशीच्या रेषेवर टांचेला चवडा लावून चालणें, खिडकीचा गज धरून टांचा उचलणें, हींही त्याच जातीचीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टीच्या पुढील माणसांना आठवड्यांतून निदान तीन दिवस अशा तोलाच्या व जोराच्या व्यायामांचा सल्ला दिला, आणि शिवाय आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम गतीचे श्रम सांगितले. दीडशें मिनिटें म्हणजे रोजचीं बावीस मिनिटें पडतात. वर्तमानपत्र वाचण्याला याहून अधिक वेळ जातो.

वजन उचलण्याचें नांव काढलें कीं आजी-आजोबा हंसतात. १९९० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं वृद्धाश्रमांतले नव्वदीच्या घरांतील दहा जण निवडून त्यांच्या मांड्यांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनीं क्रम पुरा केला. त्यांचा मांडीचा जोर सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढला, म्हणजे अडीच पटींच्या वर गेला. नव्वदाव्या वर्षीं स्नायू शिकतो, तर पासष्टाव्या वर्षीं तो कां शिकणार नाहीं? डंबेल विकत आणलेच पाहिजेत असें नाहीं. पाण्यानें भरलेली एका लिटरची बाटली म्हणजे एक किलो. दोन हातांत दोन घेऊन खांद्यापर्यंत न्याव्या आणि खालीं आणाव्या. दहाव्या खेपेला हात जड वाटला तर वजन बरोबर आहे, विसाव्या खेपेलाही हलकें वाटलें तर वाढवावें. आजींना बाटलीपेक्षां ज्वारीच्या पिठाचा डबा ओळखीचा असतो. तोच कंबरेजवळून फळीवर आणि फळीवरून कंबरेजवळ नेला तरी स्नायूला फरक समजत नाहीं.

सूर्यनमस्काराबद्दल एक शब्द. ते उत्तमच आहेत, परंतु तरुणांच्या गतीनें नव्हे. एक नमस्कार एका मिनिटांत घातला तरी चालेल. चक्कर येत असेल तर वांकून एकदम उठण्याच्या स्थिति सोडून द्याव्या. शीर्षासनाचा हट्ट मानेचे मणके झिजलेल्यांनीं आणि डोळ्यांत कांचबिंदु असलेल्यांनीं तर मुळींच धरूं नये.

आतां सायकल. घरच्या व्यायामानें स्नायू, सांधे आणि तोल राखले जातात. हृदय व फुप्फुसें यांना मात्र अर्धा-पाऊण तास एकसारखें चालणारें काम लागतें, आणि तें सायकल फार सोयीनें देते. चालणें चांगलेंच, परंतु दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर घ्यावा लागतो. सायकलवर तो भार सीट उचलते, आणि गुडघ्याला भाराशिवाय वांकण्याचा व सरळ होण्याचा सराव मिळतो. शिवाय वारा लागतो, गांव दिसतें, ओळखीचीं माणसें भेटतात. एकट्यानें खोलींत केलेला व्यायाम तीन महिन्यांत कंटाळवाणा होतो. भाजी, टपाल, वाचनालय आणि मित्राचें घर यांना जोडलेला व्यायाम कामाबरोबर चालूं राहतो.

फ्रान्स देशांत रॉबेर मार्शां नांवाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १९११ चा. तरुणपणीं सुटलेली सायकल त्यांनीं साठी उलटल्यावर पुन्हां धरली. २०१२ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांनीं एका तासांत २४ किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर तोडलें. त्यानंतर दोन वर्षें एका शरीरशास्त्रज्ञ बाईंच्या देखरेखीखालीं त्यांनीं पद्धतशीर सराव केला, आणि २०१४ सालीं, एकशें दोन वर्षांचे असतांना, तेच अंतर २६.९२७ किलोमीटर झालें. शंभरीनंतर माणसाचा दमश्वास वाढूं शकतो हें त्यांच्या अंगावर मोजून पाहिलें गेलें. २०२१ सालीं ते १०९ वर्षांचे होऊन वारले. अशी माणसें लाखांत एक, आणि त्यांचें अनुकरण करावें म्हणून हें सांगितलें नाहीं. इंग्लंडांत ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ नित्य सायकल चालविणाऱ्यांची तपासणी झाली आणि २०१८ सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांच्यांत वयानुसार अपेक्षित असलेली स्नायूंची झीज दिसली नाहीं. येथें चिकित्सक माणूस विचारील कीं सायकलनें ते धट्टेकट्टे राहिले कीं धट्टेकट्टे होते म्हणून सायकल चालवूं शकले? शंका रास्त आहे. दोन्ही गोष्टींत थोडें थोडें तथ्य असावें. डल्लस आणि बोस्टनचे प्रयोग जोडीला ठेवले तर पलडें सायकलच्या बाजूला झुकतें.

एक उणेपणा मात्र सायकलच्या पदरीं आहे. हाडांना बळकट राहण्यासाठीं भार हवा असतो, आणि सायकलवर तर भार सीट घेते. नुसती सायकल चालविणाऱ्याचीं हाडें तेवढ्यानें भक्कम होत नाहींत. म्हणून सायकल आली तरी घरची सतरंजी आणि पिठाचा डबा यांना सुटी नाहीं.

वऱ्हाडांत सायकलपुढील खरी अडचण शरीराची नाहीं, अब्रूची आहे. एके काळीं मास्तर, पोस्टमन, कारकून, दूधवाला सारे सायकलवरच असत; अमरावतीला आणि अकोल्याला तासावर भाड्यानें सायकल देणारीं दुकानें होतीं. फटफटी घरोघर आली आणि सायकल ही गरिबीची खूण ठरली. वडील सायकलवर दिसले कीं लोक मुलाला विचारतात, "काहो, बाबांना गाडी नाहीं घेऊन देत?" मुलगा बिचारा ओशाळतो आणि सायकल माळ्यावर जाते. अशा मुलानें एवढा हिशोब करावा कीं खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चांत चांगल्या सायकली किती येतात.

सायकल निवडतांना दांड्याकडे पाहावें. म्हातारपणीं सायकलवरून पडणें चढतांना व उतरतांनाही घडतें. मागून पाय फिरवून आडव्या दांड्यावरून टाकण्याची संवय विशीला शोभते. साठीनंतर दांडा खालीं असलेली, जिला लेडीज सायकल म्हणतात ती घ्यावी, आणि पुरुषांनींही निःशंक घ्यावी. चेनला झांकण हवें, नाहींतर पायजम्याचा काठ अडकतो. सीटची उंची अशी कीं पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच टेकली तर पाय सरळ व्हावा. सीट खालीं ठेवली तर गुडघा जास्त वांकतो आणि महिन्याभरांत दुखूं लागतो; मग दोष सायकलला मिळतो. डोक्यावर हेल्मेट असावें, घंटी वाजती असावी आणि मागचें येणारें दिसण्यासाठीं हँडलला आरसा असावा, कारण म्हातारी मान मागें वळत नाहीं आणि वळली कीं हँडलही वळतें. ज्या आजी कधींच सायकलवर बसल्या नाहींत त्यांनीं साठीला नव्यानें शिकण्याचा उद्योग न करतां जागेवरची सायकल वापरावी हें बरें.

रस्त्याचा विचार सर्वांत नाजूक. २०२२ सालच्या जून महिन्यांत अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून गिनीज बुकांत नोंद झाली. रस्ता गुळगुळीत आहे आणि तरणा सायकलपटु त्यावर खुशाल जावो. म्हाताऱ्या माणसाचें तेथें काम नाहीं. मालमोटार शेजारून गेली कीं तिच्या वाऱ्यानेंच हँडल डगमगतें. अमरावतीकरानें वडाळीच्या किंवा छत्री तलावाच्या बाजूला पहांटे जावें. थोडा चढ लागतो आणि तो न सोसल्यास उतरून चालण्यांत कांहीं बिघडत नाहीं. अकोल्याची भूमि पूर्णेच्या खोऱ्यांतली, सपाट. तेथें चढ नाहीं, पण ऊन आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. त्या दिवसांत सूर्य उगवण्याच्या आधीं निघून तो वर येण्याच्या आधीं परतावें, आणि निघण्यापूर्वीं तहान नसली तरी पेलाभर पाणी प्यावें, कारण उतारवयांत तहानेची जाणीवच मंद होते. संध्याकाळीं अंधारांत निघूं नये. मोतीबिंदु पिकत असलेल्या डोळ्यांना समोरच्या दिव्यांच्या झोतांत खड्डा दिसत नाहीं.

आरंभ करण्यापूर्वीं वैद्याकडे एकदां जाऊन यावें. रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावें. मधुमेहासाठीं इन्सुलिन टोंचून घेणाऱ्यांनीं रिकाम्या पोटीं सायकल काढूं नये व खिशांत खडीसाखर बाळगावी. छातींत दाब येणें, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत जाणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, यांपैकीं कांहीं झालें तर तेथेंच थांबावें, आणि घरीं जाऊन पाहूं असें न म्हणतां मदत बोलवावी. दुसऱ्या दिवशीं मांड्या ठणकतात त्याला आजार समजूं नये. सांधा सुजला तर मात्र दोन दिवस थांबावें. किती वेग असावा याचें माप सोपें आहे. चालवितां चालवितां शेजारच्याशीं बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये.

पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटें पुरेत, आणि तींही आपल्याच पेठेंत. दर आठवड्याला पांच मिनिटें वाढविलीं तर दीड महिन्यांत अर्धा तास होतो. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला कीं चाक घसरतें; ते दिवस घरच्या खुर्चीचे आणि भिंतीचे समजावे. आणि बाभळीचा कांटा तर वऱ्हाडांत ठरलेलाच. तो टायरांत दिसला तर रस्त्यांत उपसूं नये; आंत आहे तोंपर्यंत वारा हळूहळू जातो आणि पुष्कळदां सायकलच्या दुकानापर्यंत पोंचतां येतें. चाक अगदींच बसलें तर सायकल हातीं धरून चालत परत यावें. पहिले दोन महिने घरापासून तीन किलोमीटरांच्या पुढें जाऊं नये, त्याचें हें एक कारण.